विनी टॅम्सने उलटी केलेली बशी

इंग्लंडातल्या लाँगटनच्या माणसाला कुठेही चहा द्या, तो आधी बशी उलटी करून बघतो. लग्नात बघतो, मयतीला गेला तर तिथेही बघतो. बशीच्या पाठीवर कुणाचा छाप आहे, कुठल्या गल्लीतला माल आहे, हे कळल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. परगावचे लोक हसतात. हसू देत. ज्या गावाने पिढ्यान् पिढ्या माती मळून अर्ध्या जगाच्या हातात कप दिला, त्याला बशीची पाठ बघायचा हक्क आहे. तो कुणी दिलेला नाही आणि कुणाला काढूनही घेता येणार नाही. बाकी सगळं काढून घेता येतं.

विनी टॅम्सनेही जन्मभर बशा उलट्या केल्या. एकदाच तिला वाटलं, त्या दिवशी हात आवरला असता तर बरं झालं असतं.

ऑल्डरशॉच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं सोनेरी काठ मारले. बशी फिरत्या चाकावर ठेवायची, ब्रश टेकवायचा, श्वास रोखायचा आणि एका फेरीत रेघ पुरी करायची. जिथे सुरुवात तिथेच शेवट. दोन टोकं मिळतात तिथे तांदळाच्या कणीएवढी गाठ पडते, ती फक्त काठ मारणारीलाच दिसते. विनीला लांबून गाठ बघून कळायचं, ही बशी आयरीनच्या हातची, ही डॉटच्या हातची. मग एके वर्षी तिचा उजवा हात थरथरायला लागला. कंपनीने तिला एक घड्याळ दिलं आणि दार दाखवलं. त्याच हिवाळ्यात नवरा गेला. आर्थर साचेखात्यात होता. डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर भलंमोठं लॅटिन नाव लिहिलं. गावात त्याला धूळ म्हणतात.

दोन वर्षं ती खिडकीत बसून होती. मग देवळाच्या पाद्र्याने तिला गाठलं. पाद्री म्हणजे मेथडिस्ट पंथाचा, देऊळही त्याच पंथाचं. आता तिथे गालिच्यांचं दुकान आहे. तो म्हणाला, "विनी, गावातल्या सगळ्या धर्मांची मिळून आम्ही एक मंडळी काढतोय. कारखान्यात जायचं, आगारात जायचं, माणसं काम करतात तिथे जाऊन त्यांचं ऐकायचं."

"आणि देवाचं काय सांगायचं?"

"काही नाही. कुणी विचारलं तरच."

"मग बरं. देवाचं मला फारसं ठाऊक नाही."

सहा शनिवार शिकवणी झाली. सल्ला द्यायचा नाही, धर्म विकायचा नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही. 'तुम्हाला स्वतःला काय वाटतं?' हा प्रश्न कधी विचारायचा, तेसुद्धा शिकवलं. शेवटी पाठीवर 'चॅप्लेन', म्हणजे धीर द्यायला येणारा, असं छापलेलं पिवळं जाकीट मिळालं. विनी ते घालून पुन्हा ऑल्डरशॉच्या फाटकातून आत गेली, तेव्हा पहारेकरी म्हणाला, "विनी, रस्ते खोदायचं काम घेतलंस की काय?"

जोडीला बशारत मिर्झा. सदतीस वर्षं गावची बस चालवून निवृत्त झालेला, मशिदीच्या वतीने आलेला. दाढी छातीपर्यंत, आवाज बसच्या भोंग्यासारखा. दर मंगळवारी सकाळी दहाला दोघं आत शिरत. साचेखात्यातला डेरेक क्लाउझ त्यांना लांबूनच बघून ओरडायचा, "आले बघा! येशू आणि अल्ला एका छत्रीत!"

"तुझ्या पापाला दोघंही कमी पडतील रे," बशारत म्हणायचा.

"म्हणून म्हणतो, शिखांचा पण एक आणा!"

"आहे ना. पण तो शुक्रवारी बस आगारात असतो. तुला हवा असेल तर बस धुवायला जा."

असं हसत-खिदळत सुरू व्हायचं. मग हळूच कुणीतरी विनीला बाजूला ओढायचं. एकाची बायको घर सोडून गेलेली. एकीच्या छातीत गाठ निघालेली आणि तिने घरी सांगितलेलंच नाही. खुद्द डेरेक, सगळ्यात मोठ्या तोंडाचा, एकदा भट्टीमागे उभा राहून अर्धा तास रडला होता, कारण त्याचा भाऊ त्याला ओळखेनासा झाला होता. विनीने त्याला काही सांगितलं नाही. ती नुसती उभी राहिली. कारखान्यात तिला 'कानवाली' म्हणायला लागले. कुणी तिला पाद्रीणबाई म्हटलं असतं तर तिने जाकीट काढून फेकलं असतं. कानवाली मात्र तिला आवडलं. रेघ मारणाऱ्या हाताचा अभिमान गेला, त्या जागी हा आला.

आत जायची परवानगी दोघांनी मिळून दिलेली, साहेबांनी आणि युनियनने. दोघांची अट एकच. वरचं खाली न्यायचं नाही, खालचं वर न्यायचं नाही. विनीने कागदावर सही केली होती. सही करताना हात थरथरला होता, शब्द थरथरला नव्हता, असं ती सांगायची.

चित्रखात्यात समीना कौसर होती. छापील फुलं पाण्यात भिजवायची, बशीवर बसवायची, रबराच्या पट्टीने खालचं पाणी आणि हवा काढून टाकायची, असं काम. बावीस वर्षांपूर्वी ती पहिल्या दिवशी आली तेव्हा तिने सहा बशा फुकट घालवल्या आणि रडायला लागली. विनीने शेजारच्या बाकावरून उठून तिची पट्टी धरली. "मधून बाहेर, राजा. बाहेरून आत ओढलंस तर हवा आतच कोंडते." तेव्हापासून समीना तिला आंटी म्हणायची. ईदला डबा यायचा. विनीकडून नाताळात चीज घातलेल्या ओटच्या पोळ्या जायच्या, बेकन वगळून. आर्थर गेला तेव्हा चित्रखात्यातून पहिली आली ती समीना. भांडी घासून गेली.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी बशारत दात काढायला गेला होता आणि विनी एकटीच आली होती. महिन्यातून एकदा कारखान्याचे लेथम साहेब तिला वर चहाला बोलवायचे. कामगारांशी आमचं नातं कसं घरच्यासारखं आहे, हे दाखवायची ही एक तऱ्हा. विनीलाही त्यात वावगं वाटत नव्हतं. वर गरम असायचं.

त्या दिवशी साहेबांना चहा देणारी नेहमीची मुलगी रजेवर होती. कुणी दुसरीनेच चहा आणला, कपाटातल्या हाताला लागतील त्या कपबशा काढून. कंपनीचं जुनं गुलाबाचं चित्र, निळा कप, सोनेरी काठ. विनीची नजर काठावर गेली. तिने बशी हळूच फिरवली. एक फेरी. दुसरी फेरी. काठाला गाठ नव्हती. रेघ कुठेच सुरू झालेली नव्हती आणि कुठेच संपलेली नव्हती.

ही कुणाच्या हातची?

पुढचं तिने ठरवून केलं नाही. लाँगटनचा हात होता, त्याने केलं. कप उचलून बाजूला ठेवला आणि बशी उलटी केली. वर ऑल्डरशॉचं नाव, तोच मुकुट, तीच वळणदार अक्षरं. खाली जिथे शंभर वर्षं गावाचं नाव असायचं, तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, चीनमध्ये बनवलेले.

लेथम साहेब टेलिफोन ठेवून वळले, तेव्हा बशी तिच्या हातात उलटीच होती.

"अरेरे," ते म्हणाले. कुणीतरी गालिच्यावर चहा सांडावा तसं. "नमुना म्हणून आलेल्या बशा. त्या बाहेर यायलाच नको होत्या."

"कधी?" विनीने विचारलं.

त्यांनी दार लावलं. "ईस्टरनंतर सांगणार आहोत. ऑफिस आणि गोदाम राहील. बाकी..." त्यांनी हाताने हवा पुसली. "विनी, मलाही झोप नाही हो. बायकोलाही सांगितलेलं नाही. कुणाशी बोलू? तुम्ही चॅप्लेन आहात म्हणून तुमच्यापाशी बोलतोय. आपला करार आहे ना. हे तुमच्या-माझ्यात."

माणूस काही राक्षस नव्हता. डोळे खरंच लाल होते. पण चलाखी बघा. बाईने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, तिच्यावर कसलंच बंधन नव्हतं. दोन वाक्यांत त्याने आपलं दुःख तिच्या कानात ओतलं आणि वरून कुलूप घातलं. चावी तिच्याच सहीची.

विनीने बशी सुलटी केली, कप त्यावर ठेवला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. टाकून उठायचं तिला सुचलं नाही, हे तिला नंतर फार लागलं.

पुढच्या मंगळवारी बस थांब्यावर तिने बशारतला आडून विचारलं, "बशारतभाई, वरचं काही आपल्याला कळलं, आणि खाली त्याने कुणाचं भलं होणार असेल, तर?"

बशारतने तिच्याकडे बघितलं. सुजलेल्या गालाने तो बेताने बोलत होता. "काय कळलं ते मला सांगू नका. मग मीही अडकलो. पण सांगितलं की बघितलं?"

"आधी बघितलं. मग सांगितलं."

"मग सोपं आहे, विनीबाई. सांगितलेलं त्याचं. बघितलेलं तुमचं. तुमच्या मालाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

"मी सही केलीय."

"डोळ्यांची केली नाही ना?"

वाट समोर होती, रुंद, कुणीही चालून जाईल अशी. पण तिच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती. विनी टॅम्स शब्दाला जागते. सगळा कारखाना हे म्हणत होता. तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, आणि ते ती सोडायला तयार नव्हती.

त्याच दिवशी समीनाने तिला चित्रखात्याच्या कोपऱ्यात ओढलं, पाण्याच्या कुंड्यांपाशी.

"आंटी, एक विचारायचंय. मुलांच्या शाळेत स्वयंपाकघरात जागा निघालीय. बड्या बाई म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत सांग, नाहीतर दुसरीला देते."

"बरं."

"पगार इथल्याहून कमी. पण पक्की नोकरी, मुलांच्या सुट्टीला सुट्टी. घरी हे म्हणतात, घे. मला वाटतं..." तिने ओल्या बोटांनी बशीवरचा गुलाब सरळ केला. "बटाटे सोलत बसू? बावीस वर्षं हे केलं. हे मला येतं. दुसरं काही येत नाही आणि करावंसंही वाटत नाही. पण लोक काहीबाही बोलतात हो. डेरेक म्हणतो, मातीची गाडी आठवड्यातून एकदाच येते आता."

विनी कुंडीतल्या पाण्याकडे बघायला लागली.

"तुम्ही वर जाता," समीना म्हणाली. "साहेबाबरोबर चहा पिता. काय ऐकलं ते मी विचारत नाही, मला तुमचा नियम ठाऊक आहे. एवढंच सांगा, जाऊ की राहू?"

समोर ओल्या बशांची चळत होती. विनीने त्यातली एक उचलून नुसती उलटी केली असती, बोटाने गावाचं नाव पुसल्यासारखं केलं असतं, तरी समीनाला कळलं असतं. ती लाँगटनची होती. शब्दही खर्ची पडला नसता.

विनी म्हणाली, "तुला स्वतःला काय वाटतं, राजा?"

समीना तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हसली, मोकळी हसली. "म्हणजे काही नाही. असतं तर तुमच्या तोंडावर दिसलं असतं. तुम्हाला खोटं कुठे जमतं, आंटी! मी राहते. शाळेला आजच नाही म्हणून कळवते."

"घाई करू नकोस. शुक्रवारपर्यंत वेळ आहे ना?"

"कशाला लटकत ठेवायचं? दुसऱ्या कुणाचं तरी भलं होईल."

शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. तीन दिवसांत विनी समीनाच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा गेली आणि पोस्टाच्या पेटीपासून परत फिरली. शुक्रवारनंतर जाण्यात अर्थ उरला नाही, आणि तिला, हे लपवण्यात काय हशील आहे, थोडं हलकं वाटलं.

ईस्टरनंतरच्या गुरुवारी कंपनीने मंडळीला फोन केला. आज या, दोघांनाही पाठवा, लोकांना आधार लागेल. विनी आणि बशारत पिवळी जाकिटं घालून अंगणातून चालले होते. डेरेक साच्यांची गाडी ढकलत होता. तो थांबला. त्या दिवशी येशू-अल्ला ओरडला नाही.

"आज गुरुवार आहे," तो म्हणाला.

विनीने मान खाली घातली.

"कानवाली गुरुवारी," डेरेक म्हणाला, आणि गाडी तिथेच सोडून आत ओरडत गेला, "पोरांनो, साचे ठेवा खाली. संपलं!"

साहेबांनी सांगण्याआधीच कारखान्याला कळलं. आलेल्या दोन पिवळ्या जाकिटांनी सांगितलं.

कँटीनमध्ये एकशे चाळीस माणसं उभी होती. टेबलावर कागदी रुमालांचे डबे रांगेने मांडलेले, कंपनीच्या खर्चाने. लेथम साहेब खुर्चीवर चढून बोलले. बाजार, स्पर्धा, अतिशय जड अंतःकरणाने, वगैरे. जड अंतःकरणाची माणसं नेहमी खुर्चीवर चढूनच बोलतात. कुणी रडलं, कुणी शिवी घातली, बहुतेक नुसते उभे राहिले. तेवढ्यावर भागलं असतं. पण साहेबांना वाटलं, कुणाचे तरी आभार मानायला हवेत.

"आणि विशेष आभार आपल्या विनी टॅम्सचे," ते म्हणाले. "या कठीण दोन महिन्यांत त्यांना सगळं माहीत असूनही त्यांनी विश्वास जपला. अशी माणसं विरळा."

विनीचा हात रुमालाच्या डब्यावर होता. तो तिथेच राहिला.

कुणीही आरडाओरडा केला नाही. तिच्या शेजारी उभी असलेली माणसं पाऊलभर सरकली, एवढंच. तेवढी जागा बास होती. डेरेक पुढे आला, जवळजवळ मायेने म्हणाला, "आम्ही तुला सांगितलं ते वर नेलंस का गं?"

"कधीच नाही. आर्थरची शप्पथ."

"मग खाली काय आणलंस?" त्याने डब्यातून एक रुमाल ओढला, तिच्या हातात ठेवला. "हे?"

समीना खिडकीपाशी उभी होती. ती विनीकडे बघत नव्हती. हाताची बोटं मोजत होती, एकेक करून. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मग तिने ओढणी डोक्यावरून सारखी केली आणि निघून गेली.

शाळेतली जागा मार्चमध्येच भरली होती. समीनाने पुन्हा जाऊन विचारलं, हे विनीला बशारतकडून कळलं. गोदामातल्या जागा पुरुषांना गेल्या. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिचं नाव यादीत होतं, त्या यादीत ऑल्डरशॉच्याच चौतीस बायका होत्या.

मे महिन्यात विनी तिच्या दारात गेली. समीनाने दार उघडलं. बाहेर ठेवलं नाही, ते तिच्या रीतीत नव्हतं. बसवलं. चहा केला. कंपनीचा दुय्यम माल, कामगारांना स्वस्तात मिळायचा तो. निळा कप, गुलाब, काठाला एका बाजूला बारीक टवका.

विनीचा हात बशीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"करा की उलटी," समीना म्हणाली. "आपल्याच गावची आहे. फूल मी बसवलंय. काठ तुमचा आहे. मी ओळखते, तुमची गाठ थोडी डावीकडे जायची."

विनीने केली नाही.

"समीना, मी शब्द दिला होता."

"त्याला दिलात. ठीक आहे." समीनाचा आवाज चढला नाही. चढला असता तर विनीला बरं वाटलं असतं. "मी बावीस वर्षांत तुमच्याकडे कधी शब्द मागितला नाही. मला वाटलं, मागावा लागत नाही."

"मी काय करायला हवं होतं?"

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" समीनाने विचारलं.

टोमणा होता की तिला खरंच उत्तर हवं होतं, ते विनीला कळलं नाही. आतल्या खोलीत समीनाचा नवरा खोकला. विनीला तो खोकला चांगला ओळखीचा होता. तोही साचेखात्यातलाच. ती चहा अर्धा टाकून उठली. दाराशी समीना म्हणाली, "ईदला डबा पाठवणार नाही, आंटी. वाईट वाटून घेऊ नका. पाठवला तर तुम्ही समजाल की मिटलं."

विनी जाकीट परत करायला गेली. पाद्र्याने ते घेतलं नाही. म्हणाला, चूक तुझी नाही, तू नियमाला धरून वागलीस, मोठ्या रस्त्यावर नवीन माल-गोदाम उघडलंय, तिथे माणसं हवीत. बशारत मात्र म्हणाला, "मी येत नाही विनीबाई. मी त्या दिवशी तुम्हाला विचारायला हवं होतं, काय बघितलंत म्हणून. माझा दात दुखत होता." आणि तो पुन्हा आला नाही.

विनी त्या गोदामात गेली. घरी खिडकी होती, आणि खिडकीत पुन्हा बसायची तिला भीती वाटत होती. आता दर मंगळवारी ती गोदामात जाते. तिथे भिंत दिसत नाही इतकं लांब छप्पर आहे. माणसं हातातल्या यंत्राकडे बघत पळतात. चहा कागदी पेल्यात मिळतो. पेला उलटा करून बघण्यासारखं काही नसतं, तरी पहिल्या दिवशी तिने करून बघितला आणि उरलेले दोन थेंब जाकिटावर सांडले.

परवा तिथली एक बाई तिच्याजवळ आली, चाळिशीची, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली काळं. जाकिटाची पाठ वाचून म्हणाली, "तुम्ही ऐकता ना? मला एक विचारायचं होतं."

"मला विचारू नकोस, राजा," विनी म्हणाली.

बाईला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. ती हसली, क्षणभर वाट बघत उभी राहिली. मग तिच्या हातातलं यंत्र वाजलं आणि ती पळाली.